ब्रायर पाइपची झिलई : ओळख आणि निगा

तंबाखूच्या लाकडी पाइपवरची झिलई जळत्या निखाऱ्यापासून जेमतेम अर्ध्या बोटाच्या अंतरावर बसलेली असते. वाटीच्या आत तंबाखू कित्येकशे अंश सेल्सिअसला धुमसत असते आणि त्याच वाटीची बाहेरची बाजू हाताच्या मुठीत असते. मधली लाकडी भिंत साधारणपणे ६ ते ८ मिलिमीटर जाडीची. आतून उष्णता आणि ओल, बाहेरून घाम, तेलकट बोटे आणि ऊन असा दुहेरी मारा या झिलईला सोसावा लागतो. टेबलाच्या किंवा कपाटाच्या पॉलिशवर असा प्रसंग कधी येत नाही. त्यामुळे फर्निचरसाठी योग्य असलेले पुष्कळ उपाय पाइपवर उलटतात. पाइपची निगा राखायची तर त्याचे लाकूड कोणते, त्यावर कोणता लेप आहे आणि तो लेप कशाने बिघडतो, या तीन गोष्टी आधी कळाव्या लागतात.

आगीतून वाचणारे लाकूड

चांगले लाकडी पाइप बहुतेक करून ब्रायरचे असतात. ब्रायर म्हणजे ‘एरिका आर्बोरिया’ या भूमध्य समुद्राकाठच्या झुडपाचे लाकूड. कॉर्सिका, सार्डिनिया, इटलीतील कॅलाब्रिया, ग्रीस, अल्जीरिया, मोरोक्को अशा प्रदेशांतील कोरड्या, खडकाळ उतारांवर हे झुडूप वाढते. पाइपसाठी त्याचे खोड उपयोगी पडत नाही आणि मूळही नाही. लागते ती दोहोंच्या सांध्याशी, जमिनीत वाढणारी गाठ. वणव्यात झुडूप वरून जळून खाक झाले तरी या गाठीतून नवे धुमारे फुटतात. वापरण्याजोग्या आकाराची गाठ तयार व्हायला कित्येक दशके लागतात. तिचे तंतू दाट आणि एकमेकांत गुंतलेले असतात, शिवाय तिच्यात सिलिका असते. त्यामुळे हे लाकूड सहजी पेट घेत नाही.

गाठ खणून काढल्यावर ती वाळू देत नाहीत, कारण घाईने वाळलेली गाठ तडकते. ओलसर ठेवलेल्या गाठीचे करवतीने तुकडे पाडतात आणि ते मोठ्या कढयांमध्ये तास न् तास उकळतात. त्यात टॅनिन आणि वनस्पतिरस बाहेर पडतात. पुढे काही महिने, कधी काही वर्षे, हे तुकडे सावलीत सुकवले जातात. फ्रान्सच्या जुरा पर्वतराजीतील सां-क्लोद हे गाव लाकडाच्या कातकामासाठी आधीपासून प्रसिद्ध होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथील कारागिरांच्या हाती ब्रायर आले आणि ते गाव लाकडी पाइपचे माहेरघर बनले. तोवर युरोपात मुख्यतः मातीचे पाइप चालत. श्रीमंतांकडे तुर्कस्तानातील एस्किशेहिरच्या मीरशाम या मऊ, पांढऱ्या खनिजाचे पाइप असत. माती हातातून पडली की फुटे आणि मीरशाम महाग पडे. ब्रायरने दोन्ही अडचणी दूर केल्या.

गाठीच्या आत तंतू केंद्राकडून बाहेर धावतात. तुकडा त्यांच्या दिशेने कापला तर वाटीवर उभ्या समांतर रेषा दिसतात. आडवा कापला तर त्याच रेषांची टोके बारीक ठिपक्यांसारखी दिसतात. पाइपवाले या ठिपक्यांना ‘पक्ष्याचा डोळा’ म्हणतात. झिलईचे सौंदर्याच्या बाजूने काम एवढेच, की या रेषा आणि हे ठिपके उठून दिसावेत.

पाइपचे भाग

तंबाखू भरतात ती वाटी. तिच्यापासून निघणारी लाकडाची नळी म्हणजे दांडी. दांडीच्या भोकात घट्ट बसणारा, तोंडात धरायचा भाग म्हणजे मुखनळी. वाटीच्या तोंडाची कड म्हणजे काठ. कधी दांडीच्या टोकाला चांदीचे किंवा पितळेचे कडे असते. वाटी आणि दांडी एकाच लाकडातून कोरलेली असतात. मुखनळी मात्र एबोनाइटची किंवा अ‍ॅक्रिलिकची असते आणि तिची निगा वेगळ्या प्रकारे राखावी लागते. दांडीच्या बाजूला किंवा तळाशी बारीक अक्षरांत कारखान्याचे नाव, आकाराचा क्रमांक आणि देशाचे नाव ठोकलेले असते. जुन्या पाइपची ओळख आणि किंमत पुष्कळदा या ठशावरूनच ठरते.

लेपांचे प्रकार

पाइपवरचा रंग आणि पाइपवरची चमक या बहुधा दोन वेगळ्या गोष्टी असतात. रंग स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या रंगद्रव्याचा असतो. तो लाकडात मुरतो, लाकडावर थर होऊन बसत नाही. कसबी कारागीर आधी गडद रंग देतात, काचपेपरने वरचा रंग घासून काढतात आणि मग फिकट रंग चढवतात. मऊ तंतूंमध्ये गडद रंग राहतो, कठीण तंतूंवरून तो निघतो आणि रेषा ठळक होतात. या रंगावर चमकेसाठी जो लेप चढतो, त्याचे पाच मुख्य प्रकार आहेत.

पहिला कार्नोबा मेणाचा. ब्राझीलच्या ईशान्य भागात वाढणाऱ्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवर हे मेण साचते. ते वितळायला ८२ ते ८६ अंश सेल्सिअस तापमान लागते. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांनाच वितळते. हाताला सोसेल इतक्या गरम वाटीवर कार्नोबा टिकतो आणि मधमेण मऊ पडून बोटांना चिकटते, याचे कारण हा वीस अंशांचा फरक आहे. कार्नोबाची वडी फिरत्या कापडी चाकावर टेकवतात आणि पाइप त्या चाकाला लावतात. घर्षणाच्या उष्णतेने मेण क्षणभर वितळते आणि अत्यंत पातळ थरात लाकडावर बसते.

दुसरा लेप चपड्याचा, म्हणजे लाखेचा. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर पोसल्या जाणाऱ्या लाखेच्या किड्यांपासून मिळणारी राळ शुद्ध केली की चपडा मिळतो. स्पिरिटमध्ये विरघळवलेला हाच चपडा सुतारांच्या फ्रेंच पॉलिशमध्ये असतो. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवरची चकाकीही लाखेचीच. तेथे कातावर फिरणाऱ्या लाकडाला लाखेची कांडी टेकवतात आणि घर्षणाने लाख वितळून लाकडावर पसरते. खेळण्यावर लाख बसवणारा हा गुण पाइपवर तिचा शत्रू ठरतो. लाख ७० ते ७५ अंशांच्या आसपास मऊ पडते, स्पिरिट लागताच विरघळते आणि ओलीने पांढरी पडते. गरम चहाच्या कपाने पॉलिशच्या टेबलावर जे पांढरे वर्तुळ उमटते, तोच प्रकार चपड्याच्या पाइपवरही घडतो. तरीही कारखान्यांत चपडा पुष्कळ वापरला जातो, कारण तो लवकर सुकतो, स्वस्त पडतो आणि दुकानाच्या काचेआड पाइप उजळ दिसतो.

तिसरा लेप तेलाचा. जवसाचे तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून हळूहळू घट्ट होते आणि लाकडाच्या वरच्या थरात राहते. अशा पाइपला आरशासारखी चमक नसते. मंद, मखमली ओप असतो. चौथा लेप व्हार्निशचा किंवा लॅकरचा. हे लाकडावर कठीण, पारदर्शक कवच बनवतात. नव्या पाइपवर ते काचेसारखे चकाकतात आणि लाकडातली खोट झाकतात. पण लाकूड उष्णतेने आणि ओलीने किंचित फुगते, थंड झाल्यावर आकसते. ताठर कवच त्याच्याबरोबर हलत नाही. काही काळाने काठाजवळ बुडबुडे येतात आणि तेथून कवचाचे पापुद्रे सुटतात.

पाचवा प्रकार लेपापेक्षा पृष्ठभागाच्या घडणीचा आहे. वाळूच्या फवाऱ्याने लाकडाचे मऊ तंतू झिजवले की कठीण तंतू शिंपल्याच्या वळ्यांसारखे वर येतात. लंडनच्या अल्फ्रेड डनहिल यांच्या कंपनीने १९१७ च्या सुमारास अशा पाइपची ‘शेल’ ही मालिका काढली आणि पुढे ही पद्धत जगभर पसरली. काही कारागीर हत्याराने कोरून खडबडीत पोत आणतात. खडबडीत पृष्ठभागावरही मेण किंवा चपडा असतोच, पण त्याची निगा गुळगुळीत पाइपपेक्षा निराळी असते.

लेप ओळखण्याची कसोटी

पाइप हाती आला की पहिले काम साफ करण्याचे नसून लेप ओळखण्याचे. वाटीच्या तळाशी, ठशापासून दूर, सहज न दिसणारी जागा निवडावी. कापसाच्या काडीचे टोक स्पिरिटने जेमतेम ओले करून तेथे दोन-तीन वेळा हलके फिरवावे. पृष्ठभाग चिकट झाला आणि कापसाला पिवळसर, चिवट अंश लागला तर लेप चपड्याचा. चिकटपणा न येता कापसाला लाल किंवा तपकिरी रंग लागला, तर वर मेण किंवा तेल आहे आणि स्पिरिट खालच्या रंगापर्यंत पोहोचले आहे. काहीच घडले नाही तर व्हार्निश किंवा लॅकर असण्याची शक्यता मोठी. नायट्रोसेल्युलोजचे लॅकर असेल तर ते अ‍ॅसिटोनने मऊ पडते, पॉलियुरेथेनला मात्र अ‍ॅसिटोन सहसा दाद देत नाही.

या कसोटीतून आणखी एक गोष्ट कळते. पाइपची आतली नळी साफ करण्यासाठी जे स्पिरिट वापरतात, तेच बाहेरच्या झिलईचे सर्वांत मोठे संकट आहे. चपडा त्याने विरघळतो आणि रंगही त्यानेच उठतो. त्यामुळे आतली सफाई करताना स्पिरिटचा थेंब बाहेर ओघळू नये, म्हणून दांडीच्या टोकाभोवती कोरडे फडके धरण्याची पद्धत आहे.

झिलई कशाने जाते

मेणाची झिलई सर्वांत आधी हातात धरायच्या जागी मंद होते. उष्णतेने मऊ झालेले मेण थोडे बोटांना लागते, थोडे लाकडात मुरते. हा दोष नाही, नेहमीची झीज आहे. घामातील क्षार आणि त्वचेचे तेल यांचा पातळ थर उरलेल्या मेणावर बसतो आणि पाइप मळकट दिसू लागतो.

काठाचे नुकसान वेगळ्या कारणाने होते. काडीची किंवा लायटरची ज्योत तंबाखूवर न धरता कडेवर रेंगाळली, तर लाकूड करपते. धुरातील डांबरही काठावर साचून काळा, कडक थर बनतो. वरून पाहता हे दोन्ही सारखेच काळे दिसते. डांबर निघू शकते. करपलेले लाकूड कोळसा झालेले असते, ते परत येत नाही.

ऊन दोन बाजूंनी काम करते. लाकडाचा रंग फिका पाडते आणि एबोनाइटच्या मुखनळीचा काळेपणा घालवते. खिडकीच्या कठड्यावर मांडून ठेवलेल्या पाइपची उन्हाकडची बाजू वर्षभरात वेगळी दिसू लागते. पावसाळी हवेत याच्या उलट त्रास होतो. कोकण आणि मुंबईसारख्या दमट किनाऱ्यावर बंद डब्यात ठेवलेल्या पाइपच्या वाटीत आणि दांडीत बुरशी धरते, विशेषतः आत डांबर राहिलेले असेल तर.

रोजची निगा

नित्याच्या निगेत करायच्या गोष्टींपेक्षा टाळायच्या गोष्टी जास्त आहेत. गरम पाइपची मुखनळी उपसू नये. उष्णतेने दोन्ही भाग फुगलेले असताना ती ओढली तर दांडीला चीर जाते किंवा सांधा सैल होतो. वाटी रिकामी करण्यासाठी काठ टणक वस्तूवर आपटू नये. काठावरचे चेप बहुतेक याच सवयीने पडतात. गरम पाइप थंड पाण्याखाली धरू नये.

पाइप पूर्ण थंड झाला की राख काढावी, नळीतून पाइप क्लीनर म्हणजे कापसाचे आवरण असलेली लवचीक तार फिरवावी आणि बाहेरून जुन्या, मऊ सुती कापडाने पुसून घ्यावा. गंजीचे किंवा धोतराचे जुने कापड यासाठी उत्तम, कारण अनेक धुण्यांनी त्यातली खळ गेलेली असते. एकदा ओढल्यावर पाइपला किमान एक दिवस विश्रांती देतात. ‘लाकूड श्वास घेते’ असे या छंदातले लोक म्हणतात. वाटीच्या भिंतीत शिरलेली ओल पाइप पडून राहिल्यावर बहुतांशी उघड्या वाटीतूनच निघून जाते. ओला पाइप पुन्हा पेटवला तर भिंत आतून वाफाळते, रंग उठतो आणि बाहेरचा लेप सैल होतो.

वाटीच्या आत हळूहळू कोळशाचा थर धरतो. तो लाकडाचे जळण्यापासून रक्षण करतो, म्हणून खरवडून नाहीसा करत नाहीत. पण तो फार जाड झाला तर तापल्यावर लाकडापेक्षा वेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतो आणि वाटीला आतून तडा देतो. साधारण १ ते १.५ मिलिमीटर जाडी योग्य मानली जाते. त्याहून जास्त थर रीमर या गोल पात्यांच्या हत्याराने समान खरवडतात. चाकूने खरवडले तर वाटीचा गोलावा बिघडतो.

काठ साफ करणे

काठावरच्या डांबरासाठी पहिला उपाय लाळेचा. कापसाच्या काडीवर थोडी लाळ घेऊन काठावर फिरवली की डांबर मऊ होऊन निघू लागते. हे ऐकायला विचित्र वाटले तरी वस्तुसंग्रहालयांतले जतनतज्ज्ञही रंगचित्रांवरचा मळ काढण्यासाठी लाळ वापरतात. लाळेतील विकरे आणि तिची सौम्यता या दोन्हींचा उपयोग होतो. काडी काळी झाली की ती टाकून नवी घ्यावी, नाहीतर निघालेला मळच पुन्हा घासला जातो. त्याने काम भागले नाही तर पाण्याने ओलसर केलेले कापड आणि सौम्य साबणाचा थेंब वापरावा, लगेच कोरड्या कापडाने पुसावे. चपड्याच्या पाइपवर पाणीही कमीत कमी वापरावे.

काचपेपर हा शेवटचा मार्ग. करपलेला काठ काचपेपरने सपाट केला की काळेपणा जातो, पण वाटीची उंची घटते, कडेचा आकार बदलतो आणि उघडे पडलेले लाकूड बाकीच्या रंगाशी जुळत नाही. मग तेथे रंग देणे आले, आणि एका डागापायी पाइपचा अर्धा भाग नव्याने करावा लागतो. हलका काळपटपणा तसाच ठेवणे पुष्कळदा शहाणपणाचे असते.

मेण चढवणे

मेणाची झिलई मंद झाली की ती पुन्हा चढवता येते, आणि हा लाकडी पाइपचा मोठा फायदा आहे. यंत्राच्या साहाय्याने करताना मोटारीवर मऊ सुती कापडाची चाके बसवतात. वेग मिनिटाला सुमारे १,७०० फेऱ्यांच्या आसपास ठेवतात. त्याहून फार वेगवान चाक लाकूड तापवून रंग करपवते. पहिल्या चाकावर ट्रिपोली हे तांबूस, बारीक घर्षकाचे मिश्रण वापरून बारीक ओरखडे काढतात, दुसऱ्यावर त्याहून बारीक पांढरे मिश्रण वापरतात आणि तिसऱ्यावर कार्नोबा लावतात. शेवटी काहीही न लावलेल्या चाकावर पाइप फिरवला की चमक उघडते. प्रत्येक पदार्थाचे चाक वेगळेच ठेवावे लागते. ट्रिपोलीचा कण कार्नोबाच्या चाकावर गेला तर झिलईऐवजी ओरखडे उमटतात.

चाकावर काम करताना दोन धोके असतात. चाकाने पाइपची कड पकडली तर तो हातातून हिसकला जाऊन जमिनीवर किंवा अंगावर उडतो. म्हणून पाइप नेहमी चाकाच्या खालच्या अर्ध्या भागाला, कड फिरण्याच्या दिशेने राहील असा लावतात, डोळ्यांवर चष्मा घालतात आणि खाली जाड कापड अंथरतात. दुसरा धोका ठशाचा. घर्षकाचे चाक दांडीवरून दोन-चार वेळा फिरले तरी अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि पुढे अक्षरेच पुसट होतात. ठसा असलेल्या जागी घर्षक न वापरता थेट मेण लावावे.

यंत्र नसेल तर मायक्रोक्रिस्टलाइन मेण हाताने लावता येते. या प्रकारचे सर्वांत परिचित मेण ‘रेनेसान्स वॅक्स’ या नावाने मिळते. १९५० च्या दशकात ब्रिटिश म्युझियमच्या संशोधन प्रयोगशाळेत संग्रहालयातील वस्तूंसाठी ते विकसित झाले. बोटाच्या टोकावर हरभऱ्याएवढे मेण घेऊन पातळ पसरावे, काही मिनिटे थांबावे आणि कोरड्या कापडाने घासावे. जाड थराने चमक वाढत नाही. उलट पृष्ठभाग धुरकट होतो आणि त्यावर धूळ चिकटते. वापरातल्या पाइपला वर्षातून दोन-तीनदा मेण पुरते, संग्रहातल्या पाइपला त्याहूनही कमी.

खडबडीत पाइपवर कार्नोबाचे चाक वापरू नये. मेण खोबणींत साचून पांढरट दिसते आणि चाकाच्या दाबाने वर आलेल्या तंतूंची टोके बोथट होतात. अशा पाइपवरची धूळ आधी दाढीच्या मऊ ब्रशने काढावी, मायक्रोक्रिस्टलाइन मेण अगदी थोडे लावावे आणि बुटांच्या मऊ, कोऱ्या ब्रशने घासावे.

चपड्याचा लेप जागोजाग उडाला असेल तर त्यावर नवा चपडा चढवण्याचा मोह होतो. त्यापेक्षा स्पिरिटच्या कापसाने उरलेला चपडा पूर्ण काढून, गरज असल्यास रंग देऊन, वर मेण चढवणे टिकाऊ ठरते. पापुद्रे सुटलेल्या व्हार्निशचे किंवा लॅकरचेही तेच, फक्त स्पिरिटला दाद न देणाऱ्या लॅकरसाठी अ‍ॅसिटोन वापरतात. मात्र अ‍ॅसिटोन अतिशय ज्वालाग्राही आहे. ते उघड्या हवेत, हातमोजे घालून आणि आसपास ज्योत नसताना वापरावे. मुखनळी आधी काढून दूर ठेवावी, कारण अ‍ॅक्रिलिक अ‍ॅसिटोनने खराब होते.

घरातले खोबरेल, शेंगदाण्याचे किंवा तिळाचे तेल पाइपला चोळणे टाळावे. ही तेले जवसासारखी घट्ट होत नाहीत. लाकडात तशीच राहतात, काही महिन्यांत खवट होतात आणि वाटी तापली की वास सोडतात.

चेप आणि ओरखडे

चेप आणि ओरखडा यांवरचे उपाय वेगळे आहेत. चेपात तंतू दबलेले असतात, तुटलेले नसतात. त्या जागी ओले कापड ठेवून त्यावर तापवलेल्या इस्त्रीचे टोक काही क्षण टेकवले की वाफ तंतूंत शिरते, ते फुगतात आणि खड्डा बराचसा भरून येतो. हा उपाय मेणाच्या किंवा उघड्या लाकडावरच करावा. चपड्यावर तो पांढरे डाग पाडतो. नंतर त्या जागी पुन्हा मेण लागते. ओरखड्यात तंतू कापले गेलेले असतात, त्यामुळे वाफेने ते भरत नाहीत. उथळ ओरखडा मेणाने झाकला जातो. खोल ओरखड्यासाठी आधी ४०० क्रमांकाच्या, मग क्रमाने अधिक बारीक काचपेपरने आसपासचा भाग उतरता करावा लागतो, आणि तेवढा रंगही जातो. लाकडातील नैसर्गिक छिद्रे कारखान्यातच पुट्टीने भरलेली असतात. जुन्या पाइपवर फिकट ठिपके दिसू लागले तर बहुधा त्या पुट्टीचा रंग उडालेला असतो. त्यांना काचपेपर लावल्यास ते अधिकच उघडे पडतात.

मुखनळी आणि कडे

एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक मिसळून कडक केलेले रबर. प्रकाश आणि ओल यांनी त्यावर ऑक्सिडीकरण होते, काळा रंग हिरवट-तपकिरी होतो आणि नळीला गंधकाची कडू चव येते. हलका थर खाण्याच्या सोड्याची पेस्ट कापडावर घेऊन घासल्याने निघतो. जाड थरासाठी पाण्यात भिजवलेला बारीक काचपेपर क्रमाने वापरतात. ब्लीच झटपट काम करते, पण पृष्ठभाग खरबरीत करून सोडते. साफ नळीवर लिक्विड पॅराफिनचा पातळ हात फिरवला की रंग जास्त टिकतो. मुखनळीवर कारखान्याची खूण असेल तर ती जागा सोडून घासावे. अ‍ॅक्रिलिकला ऑक्सिडीकरणाचा त्रास नाही. त्याला साबणपाणी पुरते.

चांदीच्या कड्याला पॉलिश करताना ते लाकडाला लागणार नाही याची काळजी घ्यावी. चांदी उजळण्याचे मिश्रण घर्षक असते आणि दांडीच्या सांध्यात जाऊन पांढरी रेष सोडते. कड्याला लागून कागदी चिकटपट्टी लावली की लाकूड सुरक्षित राहते.

साठवण आणि जुने पाइप

पाइप उन्हापासून दूर, हवा खेळती राहील अशा जागी ठेवावा. हवाबंद प्लॅस्टिकची पिशवी दमट हवेत बुरशीला आमंत्रण देते. सुती पिशवी आणि तिच्याजवळ सिलिका जेलची पुडी बरी. पावसाळ्यात महिन्यातून एकदा पाइप बाहेर काढून कोरड्या कापडाने पुसावा आणि मुखनळी काढून दोन्ही भागांना तासभर वारा द्यावा. आत बुरशी दिसली तर स्पिरिटमध्ये बुडवलेला पाइप क्लीनर नळीतून फिरवावा आणि बाहेरच्या झिलईला स्पिरिट लागू देऊ नये.

पाइपमधून तंबाखू ओढल्याने तोंडाच्या, घशाच्या आणि फुप्फुसांच्या कर्करोगाचा धोका असतो, आणि झिलई कितीही उत्तम असली तरी त्यात फरक पडत नाही. आज अनेक पाइप वारसा किंवा संग्रह म्हणूनच घराघरांत आहेत. अशा पाइपची निगा वस्तुसंग्रहालयाच्या नियमाने राखावी: जो उपाय पुन्हा उलटवता येईल तोच करावा. मेण काढता येते, मळ हळूहळू सोडवता येतो. काचपेपरने गेलेले लाकूड आणि चाकाने पुसलेला ठसा परत मिळत नाही. म्हणून जुना पाइप हाती आला की आधी कोरडे कापड, मग ओलसर कापड, मग मेण, या क्रमाने जावे. यांपैकी ज्या टप्प्यावर तो नीटस दिसू लागेल तेथेच थांबावे.